कट्टा की पट्टा

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये हां, तक्रार म्हणून सांगतेय. लग्नानंतर पहिल्यांदा माझी मामेबहीण जेवायला आली. तिने सहज विचारलं, "भावोजी, आमटी कशी झालीय?" तर हे म्हणाले, "खारट आहे, पण भाताबरोबर जाईल." आमटी केलेली कोणी? मी! तेव्हापासून पाहुण्यांच्या देखत मी ह्यांना काही म्हणजे काही विचारत नाही.

नाव चंद्रशेखर वाळिंबे. शारजाला अल मजाजच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, 'शेखरकाका' म्हणून सांगतील. मूळचे कराडचे. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आले आणि त्याच कंपनीतून परचेस मॅनेजर होऊन रिटायर झाले. हाताखाली माणसं सगळीकडची. बिहार, केरळ, पेशावर, नेपाळ. त्यांच्यात राहून ह्यांची हिंदी अगदी साफ झाली. माझी मात्र आहे तशीच आहे. भाजीवाल्याला समजते, तेवढं बास.

इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो. आम्ही परत जायचं, तर जायचं कुठे? कराडचं घर यतीनच्या शिक्षणापायी विकलेलं. यतीन म्हणजे आमचा मुलगा, दुबईत बँकेत आहे, राहतो आमच्याबरोबरच. त्याने आम्हा दोघांना आपल्या व्हिसावर घेतलं. आईवडिलांचा व्हिसा एक वर्षाचा. दरवर्षी कागद भरायचे, मेडिकल करायची आणि मोबाईलवर मेसेज येईपर्यंत देवाला दिवा लावत बसायचं. सून पर्णिका अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकवते, आठवड्यातले चार दिवस तिकडेच असते. मग नातीला कोण बघणार? आम्ही. ईश्वरी दीड महिन्याची होती तेव्हापासून माझ्या आणि ह्यांच्या हातावर वाढलीय. आता सात वर्षांची आहे. आपण मराठीत बोललेलं सगळं तिला कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. पण झोपताना आजोबाच लागतात, आईसुद्धा चालत नाही.

रिटायर झाल्यावर पहिले काही महिने ह्यांचे वाईट गेले. सकाळी उठून दाढी करून तयार, आणि जायचं कुठेच नाही. मी म्हटलं, जरा खाली जाऊन लगूनवर, पाण्याच्या काठाने, फिरून या. तर हे तिथल्या बुटक्या दगडी भिंतीवर बसून एका मांजरीशी गप्पा मारायला लागले. मराठीत! "काय गं, आज मासा मिळाला नाही वाटतं?" तिथून एक नागपूरचे गृहस्थ चालले होते, ते थबकले. "तुम्ही कुठले हो?" झालं. दुसऱ्या दिवशी दोघं, मग चौघं, मग बायका. बघता बघता तीसेक माणसं रोज संध्याकाळी त्या भिंतीवर. आता मराठी माणूस जिथे बसून गप्पा मारतो त्या जागेला काय म्हणणार? कट्टा! ग्रुपचं नाव 'अल मजाज कट्टा'. कोणाला दवाखान्यात न्यायचंय, कोणाच्या मुलीला भाड्याने खोली हवीय, कोणाला नुसतं रडायचंय, सगळं कट्ट्यावर. हे तिथले आपोआप पुढारी झाले. मी म्हणायची, "एवढं लक्ष घरातल्या गळक्या नळाकडे दिलं असतंत तर!" पण खरं सांगते, कट्ट्याने माझा नवरा मला परत दिला.

तर गेल्या जानेवारीत कट्ट्याची सहल ठरली. अबुधाबीला एक मोठं थीम पार्क आहे, तिथे. सगळे आजीआजोबा, बरोबर सुट्टी लागलेली नातवंडं. बसची व्यवस्था सतीशने केली. सतीश म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण मेंबर, पन्नाशीचा. एसीच्या डक्टिंगची कॉन्ट्रॅक्टं घेतो, बोलणं जोरात, चालणं जोरात. यतीनने आमच्या व्हिसाचे कागद त्याच आठवड्यात भरले होते. सहलीच्या आदल्या दिवशी तो मला दोनदा म्हणाला, "आई, या दिवसांत काही लफडं नको. बाबांना सांग, कोणाशी हुज्जत नको, फोटो काढताना लोकांच्या बायकामुलांचे फोटो नको. साधी पोलीस कम्प्लेंट झाली तरी रिन्यूअल अडकेल आणि मग माझ्या हातात काही नाही." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी काय गुंड आहे का?"

निघताना बघते तर ह्यांच्या बॅगेत बॅनर! पिवळ्या कापडाचा, ठसठशीत अक्षरात 'कट्टा' लिहिलेला, आणि तो उभा करायला घडीची स्टीलची नळी. मी म्हटलं, "हे लटांबर कशाला?" तर म्हणे, "ग्रुप फोटोला बॅनर नको?" मी नळी दोनदा बाहेर काढून ठेवली, ह्यांनी दोनदा परत घातली, सगळ्यात खाली, टॉवेलाखाली. मग मी नाद सोडला.

पार्कच्या दाराशी ही गर्दी! आत जायच्या आधी तपासणी. एअरपोर्टवर असते तशी, पट्ट्यावरून बॅग मशिनात जायची आणि आपण कमानीतून जायचं. भिंतीवर मोठा बोर्ड, अरबीत आणि इंग्लिशमध्ये. बंदूक, सुरी, ड्रोन, सगळ्यांची चित्रं आणि त्यावर लाल फुल्या. खाली लिहिलेलं, शस्त्रांबद्दल थट्टासुद्धा करू नये, केल्यास पोलिसांना कळवण्यात येईल. मी उभी राहून राहून कंटाळले होते. म्हटलं, "अहो, इतकी वर्षं झाली इथे, साधा माणूस खिशात पिस्तूल घेऊन फिरतोय असं कधी ऐकलं नाही. मग पाळण्यात बसायला एवढी झडती कशाला?"

हे म्हणाले, "झडती आहे म्हणूनच ऐकलं नाहीस."

मशिनापाशी एक गार्ड उभा होता. चाळिशीचा, उंच, दाढी नीट कातरलेली, छातीवर नावाची पट्टी, अबरार. आवाज शांत. "पट्टा, मोबाईल, चाबी, सब ट्रे में. पट्टा निकालिए अंकल." पुरुष मंडळी आपापले पट्टे काढून पँट सावरत पुढे चालली होती, आणि बायका हसत होत्या.

सतीश आमच्या पुढे होता, तो तपासणी होऊन पलीकडे पोचला. तिथून त्याने ह्यांना फोन केला. हे हल्ली कानाने जरा कमी, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि स्वतःचा आवाज लाऊडस्पीकरवर.

"काका, कट्टा कुठाय?"

"कट्टा माझ्या बॅगमध्ये आहे!" हे ओरडले. "एकदम खाली! आत आलो की काढतो! सगळे जमले की मग!"

"आजोबा, यू आर सो लाऊड," ईश्वरी म्हणाली.

अबरारचा हात हवेत तसाच थांबला. तेवढ्यात बॅग मशिनात गेली होती आणि पडद्यावर काय दिसलं असणार? नळी! त्याने पट्टा थांबवला, मशीन बंद केलं आणि वॉकीटॉकीवर अगदी हळू काहीतरी बोलला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "अंकल, हाथ सामने रखिए. बॅग को हाथ मत लगाइए. अभी आपने क्या बोला? बॅग में क्या है?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी कळलं नाही, आपण समजावून सांगावं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "अरे भैया, कट्टा है, कट्टा! हमारा सबका कट्टा है. इनोने ही चालू किया. अंदर जाके सबके सामने निकालने का है!"

अबरारचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, ह्याला अजून कळलं नाही. म्हणून आणखी जोर करून सांगितलं, "पीछे जो लाइन में हैं ना, वो तीस लोग, सब कट्टे के हैं!"

पुढचं फार झपाट्याने झालं. आमची रांग दुसऱ्या दारांकडे वळवली. एका फिलिपिनो गार्ड बाईने मला पडद्याआड नेऊन तपासलं, अगदी अंबाड्यातसुद्धा बोटं घालून. ती बिचारी "सॉरी मॅम, सॉरी मॅम" म्हणत होती, पण हात थांबत नव्हते. ईश्वरी माझा पदर धरून उभी. मी बाहेर आले तर हे कमानीपाशी दोन गार्डांच्या मध्ये, दोन्ही हात पुढे धरून. पट्टा काढलेला, त्यामुळे एका हाताने पँट धरायची सोय नाही. मला हसू यावं की रडू, कळेना.

मी ह्यांना विचारलं, "अहो, झालंय काय? कट्ट्याला एवढं घाबरायचं काय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुलू, हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे मी त्या माणसाला काय सांगून आले होते? की आमच्याकडे पिस्तूल आहे, आमच्या ह्यांनी चालू केलंय, आणि मागचे तीस म्हातारेकोतारे त्याच टोळीतले आहेत!

बॅग एका बाजूच्या खोलीत नेऊन उघडली. त्यातून काय निघणार? टॉवेल, ईश्वरीचं स्वेटर, ह्यांच्या गोळ्या, बॅनर आणि नळी. तोवर मॅनेजर आला होता. सूट घातलेला, घामाघूम. सुट्टीच्या दिवशी सकाळी एक दार बंद पडलं म्हणजे त्याचा जीव वरखाली. त्यात सतीश पलीकडून परत आला आणि गरजायला लागला. "व्हॉट इज धिस? सीनियर सिटिझनना अशी वागणूक? मी वरपर्यंत कम्प्लेंट करीन! ऑनलाइन टाकीन!"

मॅनेजर अबरारकडे वळला. त्याचं इंग्लिश मला पुरतं कळलं नाही, पण एवढं कळलं, की याच महिन्यात अबरारने एका पोराच्या खेळण्यातल्या पिस्तुलासाठी असंच दार बंद केलं होतं आणि ही दुसरी वेळ आहे. "गिव्ह मी द रेडिओ," मॅनेजर म्हणाला. अबरारने कमरेचा वॉकीटॉकी काढून टेबलावर ठेवला. इथे रेडिओ काढून घेतला म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आधी नोकरी, मग व्हिसा, मग विमान.

मॅनेजर आमच्याकडे वळून एकदम गोड झाला. "सर, हा म्हणतो, तुम्ही वेपन असं काही बोललात. तुम्ही बोलला नसणार, याने चुकीचं ऐकलं. तसं असेल तर मी माफी मागतो, तुमच्या सगळ्या ग्रुपचे पैसे परत. पण आता पोलिसांना कॉल गेलाय, ऑफिसर आले की त्यांना तेवढं सांगा."

सतीशने ह्यांना कोपऱ्यात घेतलं. मी पण गेले. सतीश कॉन्ट्रॅक्टर माणूस, डोकं भराभर चालतं. म्हणाला, "काका, सोपं आहे. कट्टा नाही, पट्टा म्हणालात. पट्टा बॅगेत ठेवलाय, आत गेल्यावर घालतो. सगळे पट्टेच काढत होते ना? कोण नाही म्हणेल?"

काय सुचलं बघा त्याला! मी मनात त्याला शंभर आशीर्वाद दिले. मी काय बोलले होते ते अबरारशिवाय कोणाला कळलं नव्हतं. एकटा तो एका बाजूला आणि आम्ही तीस माणसं दुसऱ्या बाजूला. मी ह्यांचा हात घट्ट धरला. "अहो, पट्टा म्हणा. एवढं एक ऐका माझं. कागद भरलेत आपले. कम्प्लेंट झाली तर काय होईल माहितेय ना? ईश्वरीला कोण बघणार? पट्टा म्हणा हो."

अबरार भिंतीपाशी उभा होता, हे त्याच्याकडे बघत राहिले.

ऑफिसर आला. इथलाच अरब, तरुण, युनिफॉर्मला कडक इस्त्री. सलाम वगैरे झाला. हिंदी त्याला चांगली येत होती, इथल्या बऱ्याच लोकांना येते. खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसला, ह्यांनाही बसवलं. अजिबात आवाज चढवला नाही. म्हणाला, "अंकल, एक सवाल. सीधा जवाब. गेट पर आपने हथियार का कोई लफ्ज़ बोला, या नहीं बोला?"

सतीश मागून पुटपुटला, "पट्टा."

हे म्हणाले, "बोला. कट्टा बोला. इसने सही सुना."

ऐकलंत? इतकं सरळ! जणू आमटी खारट आहे असं सांगत होते. मी डोळे मिटून घेतले.

आणि मग जे झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. भिंतीपासला अबरार पुढे आला आणि म्हणाला, "नहीं सर. मैंने ही ग़लत सुना. अंकल ने पट्टा बोला होगा. मैं सबको पट्टा पट्टा बोल रहा था, वही बोला होगा."

देव पावला! मी डोळे उघडले. त्याने सतीशचं पुटपुटणं ऐकलं असणार. म्हाताऱ्याला पोलीस धरून नेतील म्हणून त्याने सगळं स्वतःवर घेतलं. आता आमच्या ह्यांनी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. बोलायचंसुद्धा नव्हतं हो, नुसतं बसायचं!

"नहीं नहीं," हे खुर्चीतून उठले, एका हाताने पँट धरून. "पट्टा नहीं बोला. कट्टा बोला, ज़ोर से बोला."

"अंकल, पट्टा बोला आपने," अबरार म्हणाला.

"अरे, मेरे मुँह से निकला, मुझे मालूम नहीं?"

ऑफिसर एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मेरे पास रोज लोग आते हैं. सब बोलते हैं, मैंने नहीं किया. तुम दोनों झगड़ रहे हो कि ग़लती मेरी है?" मग ह्यांना म्हणाला, "बैठो अंकल. कट्टा बोला तो क्यों बोला? इस थैले में कट्टा कहाँ है?"

ह्यांनी बॅनर उलगडला. पिवळंधमक कापड टेबलावरून खाली लोळलं. "ये हमारा कट्टा." आणि समजावायला लागले. पण ह्यांच्या साफ हिंदीतसुद्धा ते जमेना. 'बैठने की जगह' म्हणाले, तर ऑफिसर म्हणाला, "बेंच?" 'क्लब' म्हणाले, तर मॅनेजर दचकला, इंग्लिशमध्ये क्लब म्हणजे सोटाही होतो म्हणे. मग हे एकदम म्हणाले, "मजलिस! कट्टा माने मजलिस. शाम को सब बुज़ुर्ग बैठते हैं, बातें करते हैं, एक दूसरे का हाल पूछते हैं. शारजा में, लगून पर. हमारी ज़ुबान में उसको कट्टा बोलते हैं."

"मजलिस," ऑफिसर म्हणाला. अशी बैठक इथल्या अरबांच्या घरोघरी असते. त्याने बॅनर हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. "चाय होती है?"

"करक चाय, थरमास में. मेरी वाइफ बनाती है."

ऑफिसरने माझ्याकडे बघून मान लववली. आता मी काय सांगू, इतकी घाबरलेली असूनसुद्धा मला तेवढ्यात बरं वाटलं. मग तो उठला, टेबलावरचा रेडिओ उचलला आणि अबरारच्या हातात दिला. मॅनेजरला म्हणाला, "याने जे ऐकलं ते कळवलं. यासाठीच त्याला उभं केलंय ना? उद्या न ऐकल्यासारखं केलं तर मी तुम्हाला विचारीन." मॅनेजर "येस सर, ऑफ कोर्स सर" करायला लागला. मग ऑफिसर ह्यांना म्हणाला, "अंकल, गेट पर मजलिस बोलना. कट्टा घर पे. खलास."

मी धीर करून विचारलं, "भैया, नाव लिखोगे क्या? हमारा व्हिसा का कागद अंदर है."

त्याने ह्यांच्या आयडीचा मोबाईलवर फोटो काढून घेतला होता. म्हणाला, "माँजी, कॉल आया था, तो एंट्री जाएगी. मैं लिखूँगा कि ग़लतफ़हमी थी. बाकी इन्शाल्ला." आणि गेला.

इन्शाल्ला! हा शब्द इथे लोक हो म्हणायला वापरतात, नाही म्हणायला वापरतात, आणि दोन्हीतलं काहीच ठाऊक नसेल तेव्हाही वापरतात.

बॅग परत भरायला अबरारने मदत केली. नळी पुसून टॉवेलात गुंडाळली. हे त्याला म्हणाले, "माफ करना भाई, हमारी वजह से." तो खाली बघूनच बोलला. "अंकल, मेरे बड़े भाई के निकाह में किसी ने खुशी में कट्टा चलाया था. भाई घोड़ी पर ही था. घर में तब से ये लफ़्ज़ कोई नहीं बोलता. आज इतने साल बाद किसी को हँसते हँसते बोलते सुना, तो मेरा दिमाग़ बंद हो गया." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो आपल्या मशिनापाशी गेला, आणि मला लगेच त्याचा तोच शांत आवाज ऐकू आला, "पट्टा, मोबाईल, चाबी, सब ट्रे में."

सहल झाली. ईश्वरी सगळ्या पाळण्यांत बसली, बॅनरखाली फोटोही झाला. मी मात्र घरी येईपर्यंत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी यतीनला कळलं तेव्हा तो जो तापला! "बाबा, यू जस्ट हॅड टू कीप क्वाएट! तो माणूस स्वतः म्हणत होता ना, चुकीचं ऐकलं म्हणून? मग?" हे जेवत राहिले. म्हणाले, "त्याची नोकरी गेली असती रे." यतीन म्हणाला, "आणि तुमचा व्हिसा?" ह्यांनी ताटातला भात कालवला.

मी आजही सांगते, पट्टा म्हणायला हवं होतं. मला कोणी पापी म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. माझ्या मांडीवर वाढलेली पोर टाकून मी कराडला भाड्याच्या खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर तिला गोष्ट सांगू? अबरार देवमाणूस आहे, त्याला उदंड आयुष्य मिळो. पण मी आजी आहे.

त्यानंतर मेसेज काही येईना. दरवर्षी आठवड्याभरात येतो. पंधरवडा गेला, महिना होत आला. यतीनने ऑनलाइन बघितलं, तिथे नुसतं 'अंडर प्रोसेस'. मी रात्री कूस बदलत पडायची, आणि शेजारी हे घोरतायत! खुशाल! मला असा संताप यायचा, वाटायचं, उशी घालावी तोंडावर. ह्या माणसाला काही भीती म्हणून आहे की नाही? सकाळी उठून फिरायला जायचं, संध्याकाळी कट्ट्यावर जायचं, तिथे सगळ्यांना अबरारची गोष्ट रंगवून सांगायची, माझ्या हिंदीसकट. लोक हसायचे. एक दिवस मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काय, तुम्ही दगड आहात." तर म्हणाले, "असेन."

मेसेज आला तो एका दुपारी. मी कणीक मळत होते. ह्यांचा मोबाईल वाजला, हे चष्मा शोधायला लागले. मला दम निघेना, कणकेच्या हातानेच मी फोन ओढला आणि वाचला. झालं होतं! दोघांचंही! आणखी एक वर्ष! मी ओरडले, "अहो, झालं! झालं हो रिन्यू!" आणि देवापुढे धावले.

वळून बघते तर हे खोलीत नाहीत. बाथरूमचं दार बंद, आत नळ जोरात सोडलेला. मी दाराशी गेले. पाण्याच्या आवाजाआडून दुसरा आवाज येत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. लहान मूल हुंदके देतं ना, तसे हुंदके देत होते, आणि ते मला ऐकू जाऊ नयेत म्हणून नळ आणखी मोठा करत होते.

म्हणजे ह्या माणसाला सगळं माहीत होतं. त्या खोलीत, पँट एका हाताने धरून 'कट्टा बोला' म्हणाले तेव्हासुद्धा. माझ्याइतकीच भीती वाटत होती ह्यांना, कदाचित जास्तच. आणि महिनाभर रात्री झोपेचं सोंग घेऊन घोरत होते. खोटं बोलता येत नाही ना, म्हणून घोरत होते. मी दार वाजवलं नाही. कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. हे बाहेर आले, चेहरा धुतलेला, डोळे लाल. मला दाराशी बघून गडबडले.

मी म्हटलं, "केवढं पाणी वाया घालवलंत!"

"हो," हे म्हणाले. मग टॉवेलाने तोंड पुसत पुसत चपला शोधायला लागले. "सुलू, ईश्वरीला आणायला उशीर होतोय," म्हणाले आणि खाली गेले.